मालखान्यातली काथवट

कणीक मळायच्या लाकडी काथवटीत मोहाची फुलं भिजत घाला, हा सल्ला नेमका कोणी दिला, याबद्दल त्या गावात अजूनही एकमत नाही. गुणवंतराव नाझर शेवटपर्यंत शेजारच्या बाबूभाईंचं नाव घेत. बाबूभाई दोन्ही कानांच्या पाळ्या धरून सांगत, "तोबा तोबा! मी असं काऊन सांगीन? हे रुखमाबाईचं काम हाय." आणि पलीकडच्या घरातल्या रुखमाबाई म्हणत, "मी म्हसरायसाठी सांगतलं होतं बाप्पा. भांड्याले मोहफुलं चारते का कोनी?"

गावाचं नाव सांगत नाही. गुणवंतरावांचे साडू तिथं राहतात आणि या प्रकरणाची आठवण काढलेली त्यांना आवडत नाही. चांदा जिल्ह्यातलं, जंगलाच्या काठाचं, तहसिलीचं गाव, एवढं समजा. जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, साहेब लोक नागपूर-जबलपूरकडून बदलून येत, आणि इथल्या उन्हाला घाबरून लगेच बदलीचे अर्ज करत.

गुणवंतराव मात्र कुठंही जायचे नव्हते. तहसील कचेरीतला नाझर म्हणजे कचेरीतल्या सगळ्या वस्तूंचा मालक नसलेला मालक. खुर्च्या, टेबलं, दौती, कंदील, साहेबांच्या पंख्याची दोरी, सगळं त्यांच्या ताब्यात. आणि मुख्य म्हणजे मालखाना, जप्त केलेल्या वस्तूंची खोली. तिची किल्ली ते करदोड्याला बांधून झोपत. त्या खोलीत गेलेली वस्तू त्यांच्या कारकिर्दीत बाहेर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. लटारू नावाच्या एका शेतकऱ्याचा नांगर बांधाच्या भांडणात जप्त झाला होता. भांडण मिटलं, दोन्ही पक्षांची सोयरीक झाली, त्या जोडप्याला पोरं झाली, तरी नांगर आतच होता. लटारू विचारायला आला की गुणवंतराव अगदी गोड आवाजात सांगत, "वरून हुकूम येऊ दे." वर म्हणजे कुठं, हे लटारूनं कधी विचारलं नाही.

तर मूळ गोष्ट साधी होती. गुणवंतरावांची आई, भागीरथाबाई, श्रावणात वारल्या. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की त्यानंतरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला त्याला पितरांत मिळवतात. गेलेल्या माणसाच्या जागी गावातलं एक वडीलधारं माणूस पाटावर बसवायचं, त्याला गेलेल्याच्याच नावानं हाक मारायची आणि गेलेल्याच्या आवडीचं जेवू घालायचं. ते जेवून पाटावरून उठेपर्यंत बाकी कोणी तोंडात घास घालायचा नाही. भागीरथाबाईंच्या आवडीचं म्हणजे पुरणपोळी, आणि पुरणपोळीची कणीक म्हणजे काथवटीतली. शिवणीच्या एका बुंध्यातून कोरलेली ती काथवट त्यांनी लग्नात चिमूरकडच्या माहेराहून आणली होती. पितळेच्या परातीवर त्यांचा राग होता. परातीत कणीक तापते आणि तापलेली कणीक रुसते, असं त्या म्हणत. पुढे डोळे अधू झाले, स्वयंपाक सुनेकडे गेला, घरात परात आली, आणि काथवट मागच्या गोठ्यात जाऊन तिच्यात कोंबडी अंडी उबवू लागली.

होळी झाल्यावर एका सकाळी गुणवंतराव गोठ्यातून तडक स्वयंपाकघरात आले.

"औंदा मायची कनीक काथवटीतच मळाची," त्यांनी जाहीर केलं.

त्यांची बायको सुगंधाबाई चुलीपाशी होती. "कायले? परात हाय ना. पितरायले काय दिसते, कनीक कशात मळली थे?"

"मायले समजन."

सुगंधाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. सासूबाईंना समजायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं. दारातून कणीक पाहून पाणी किती पडलं ते सांगणारी बाई होती ती. "मंग कोंबडी तुमीच उठवा," एवढंच त्या म्हणाल्या.

जप्तीचा गुणवंतरावांना दांडगा अनुभव होता, पण तो सगळा कागदावरचा. प्रत्यक्ष ताबा घ्यायला गेल्यावर कोंबडीनं हरकत नोंदवली. त्या दिवशी कचेरीत ते उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधून सही करत होते, आणि कोणी विचारलं तर "घरगुती काम" असं मोघम उत्तर देत होते.

काथवट त्यांनी स्वतः राखेनं घासली. सुगंधाबाई मदतीला आल्या तर त्यांना थांबवलं. हे आईचं काम आहे आणि मुलानंच केलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. इथवर सगळं ठीक होतं. मग ती वाळवायची वेळ आली. कचेरीत पावसाळ्यात भिजलेल्या फायली ते उन्हात वाळवत, त्याच न्यायानं त्यांनी काथवट अंगणात उन्हात ठेवली. चांद्याकडचं चैत्रातलं ऊन आणि फायली वाळवायचं ऊन यात फरक असतो, हे त्यांच्या लक्षात दुपारी आलं. अंगणात भरमार बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. बाहेर येऊन पाहतात तर काथवट काठापासून बुडापर्यंत चिरली होती. चिरेतून अंगणातली जमीन दिसत होती.

गुणवंतराव ओट्यावर बसून राहिले. लहानपणी त्याच काथवटीत आई त्यांना आंघोळ घालत असे, असं ते सुगंधाबाईंना म्हणाले. सुगंधाबाईंना ही माहिती नवीन होती, आणि कणकेच्या भांड्याबद्दल ती ऐकून त्यांना बरं वाटलं असं म्हणता येणार नाही.

आवाज ऐकून शेजारीपाजारी जमले आणि सल्ले सुरू झाले. बाबूभाईंचं लाखेच्या बांगड्यांचं दुकान. त्यांचा लाखेवर फार विश्वास. "नाझरसाब, लाखेनं सारी दुनिया जुळते. तुमी फक्त पाहा," असं म्हणत त्यांनी शेगडी आणून चिरेत लाल लाख ओतली. काम सुबक झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, लाख मऊ झाली, आणि काथवटीत झोपायला आलेलं मांजर उठताना अंगावरचे बरेच केस तिथं ठेवून गेलं. गावातल्या लोहारानं मग लोखंडी पट्टी ठोकली. काथवट छकड्याच्या चाकाची बहीण दिसू लागली. पितराच्या कणकेला लोखंड लागायचं नाही म्हणून सुगंधाबाईंनी ती पट्टी त्याच संध्याकाळी काढायला लावली. शेवटी लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि चीर आपोआप मिटते, यावर सगळ्यांचं एकमत झालं. काथवटीत पाणी भरलं. पण लाकडानं पाणी प्यायच्या आत ते चिरेतून वाहून गेलं आणि ओहोळ शोधत आलेली गाय ते प्याली.

आणि इथं तो सल्ला आला. कोणी का दिलेला असो, त्यात तर्क होता हे मान्य केलं पाहिजे. मोहाची फुलं भिजली की फुगतात, चिकट होतात, चिरेत जाऊन बसतात. पाणी अडतं. लाकूड निवांत पीत राहतं. मोहाचे दिवस होते. घरोघरच्या अंगणांत फुलं वाळत पडली होती, मागाल तितकी मिळत होती. गुणवंतरावांनी काथवट फुलांनी काठोकाठ भरली, वर पाणी ओतलं, न्हाणीच्या सावलीला ठेवली, गोणपाटानं झाकली आणि सुतळीनं बांधून वर कचेरीच्या सवयीनं गाठीवर लाखेचा ठिपका दिला.

आता मोहफुलं पाण्यात भिजवून झाकून ठेवली की काय होतं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गुणवंतरावांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण ते ज्ञान त्यांच्या डोक्यात दुसऱ्या कप्प्यात होतं. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली फुलं, ही गुन्ह्यातली वस्तू, ती जंगलात ओढ्याकाठी सापडते आणि जप्त होऊन मालखान्यात येते. आपल्या न्हाणीत आहे ती आईची काथवट. दोन्हींचा संबंध लागायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तोवर गावाला लागला होता.

वास आधी गल्लीत गेला, मग चौकात, मग कचेरीच्या मागच्या खिडकीतून आत आला. गुणवंतरावांचं नाक त्या दिवसांत पडशानं बंद होतं. सुगंधाबाई एकदोनदा म्हणाल्या, "अवो, न्हाणीत काहीतरी बुडबुड करून राह्यलं." त्यावर ते म्हणाले, "लाकूड पानी पीत असन."

मग लोकांच्या वागण्यात एक चांगला बदल त्यांना जाणवू लागला. कचेरीतला चपराशी वारलू इतकी वर्षं मानेला जेमतेम त्रास देऊन रामराम करायचा. तो आता दोन्ही हात जोडू लागला. संध्याकाळी ओट्यावर माणसं येऊन बसू लागली. विशेष काही बोलायची नाहीत, नुसती बसायची, लांब श्वास घ्यायची आणि समाधानानं सोडायची. आईच्या माघारी गाव आपल्याला जपतंय, असं गुणवंतरावांना वाटलं. एकदा तर त्यांचे डोळे भरून आले.

"मंग साहेब, केव्हा हाय?" एका संध्याकाळी वारलूनं सगळ्यांच्या वतीनं हळूच विचारलं.

"अक्षयतीजेले. मायच्या नावानं."

"मायच्या नावानं!" वारलूनं पुन्हा दोन्ही हात जोडले. "आमच्यात बी असंच हाय जी. पयलं पितरायले, मंग आपल्याले."

"सगळे या. कोनाले नाई म्हणनार नाई मी."

"भांडे आपापले आनू का जी?"

घरी चार पोळ्या न्यायला भांडं लागणारच, असा विचार करून गुणवंतराव म्हणाले, "आना ना." माणसं उठून गेली ती त्यांना दुवा देतच.

ही बातमी आबकारी दारोगा चौबे यांच्यापर्यंत पोचली नसती तरच नवल. चौबे जबलपूरकडचे, तरुण, नुकतेच रुजू झालेले. जंगलात फिरून त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. ओढ्याकाठची माणसं त्यांच्या बुटांचा आवाज फर्लांगभरावरून ओळखत. आणि इथं गावात, तहसिलीपासून हाकेच्या अंतरावर, खुद्द नाझराच्या घरी! तृतीया चार दिवसांवर आली असता एका सकाळी ते दोन शिपाई घेऊन गुणवंतरावांच्या अंगणात उभे राहिले. बाबूभाई आणि रुखमाबाई यांना पंच म्हणून बोलावलं. गाठीवरचा लाखेचा ठिपका पाहून त्यांनी "अच्छा, सील भी है," असं म्हटलं, आणि गोणपाट उचललं.

आत फेस आला होता.

"नाझरसाब, ये क्या है?"

"उपचार आहे," गुणवंतराव म्हणाले.

"किसका?"

"काथवटीचा."

चौबेंनी काथवटीभोवती एक फेरी घातली, वाकून बुडाखाली हात फिरवला आणि कोरडा हात शिपायांना दाखवला. "देखो. एक बूँद नहीं टपकती. पक्का बर्तन बनाया है."

हे ऐकून गुणवंतरावांनी जे केलं, ते कोणत्याही समजूतदार आरोपीनं केलं नसतं. ते गुडघ्यांवर बसले, काथवटीखाली पाहिलं आणि ओरडले, "अवो, ऐकलं काय! चीर मिटली! एक थेंब गळत नाई!" सुगंधाबाई दारातून धावत आल्या. रुखमाबाईंनीही वाकून खात्री करून घेतली. बाबूभाई म्हणाले, "माशाल्ला." चौबेंनी हे सगळं पंचनाम्यात घेतलं. मुद्देमाल गळत नसल्याचं कळताच आरोपीनं उघडपणे आनंद व्यक्त केला, असं त्यात हिंदीत लिहिलेलं आहे.

नमुन्याची बाटली भरून घेतल्यावर बाकीचा सडवा कायद्याप्रमाणे नालीत ओतण्यात आला. कुंपणाबाहेर बरीच मंडळी उभी होती. वारलूनं टोपी काढून छातीशी धरली.

"साहेबांना रिपोर्ट जाईल," चौबे म्हणाले. नोकरी जाऊ शकते, हे गुणवंतरावांना तेव्हा कळलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या डोक्यात तृतीयाच होती. शिपायांनी काथवट उचलली आणि गुणवंतराव तिच्यामागून आपल्याच घरातून निघाले, तेव्हा त्यांच्या पायांत वहाणा नव्हत्या.

जप्त माल कोणाच्या ताब्यात द्यायचा? तहसिलीतल्या नाझराच्या. म्हणून चौबेंनी कचेरीत येऊन काथवट गुणवंतराव नाझर यांच्यापुढे ठेवली, आणि गुणवंतराव नाझरांनी ती गुणवंतराव आरोपीकडून जप्त झालेली म्हणून पोचपावती दिली. पावतीवर चौबेंनी चिरेची खूण पाहून 'लाकडी भांडे, जुने, फुटके' असं लिहिलं होतं. गुणवंतरावांनी त्यावर हरकत घेतली. फुटके नव्हे, 'दुरुस्त' असं लिहा म्हणाले. अर्धा तास वाद चालला. शेवटी 'पूर्वी चिरलेले, सध्या न गळणारे' यावर तडजोड झाली. काथवट मालखान्यात लटारूच्या नांगराशेजारी ठेवली गेली, आणि किल्ली पुन्हा करदोड्याला लागली.

आता खटल्याचा निकाल लागेपर्यंत वस्तू मालकाला वापरायला देता येते. त्याला सुपूर्तनामा म्हणतात. मालकानं अर्ज करायचा, नाझरानं त्यावर शेरा मारायचा, साहेबांनी सही करायची. गुणवंतरावांनी अर्ज लिहिला आणि तो आपल्याच टेबलाच्या उजवीकडून डावीकडे सरकवला. मग ते शेरा मारायला बसले. इतक्या वर्षांत त्यांनी अशा अर्जांवर एकच शेरा लिहिला होता. 'शिफारस करता येत नाही.' दुसरा शेरा कसा लिहितात, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. स्वतःच्या अर्जाला स्वतःच शिफारस केली तर उद्या लोक काय म्हणतील? त्यांनी टाक दौतीत बुडवला, बराच वेळ तसाच धरला, आणि मग नेहमीचाच शेरा लिहिला. साहेब तसेही गावात नव्हते. जमीनदारीच्या जमिनींच्या कामासाठी ते अहेरीकडे दौऱ्यावर गेले होते, आणि नेमके तृतीयेच्या दिवशी परतणार होते.

"सोताच्याच अर्जाले सोताच नाई म्हणलं?" सुगंधाबाईंनी रात्री जेवताना विचारलं.

"नियम हाय."

सुगंधाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. नवऱ्याबद्दल त्यांना इतकी दया आणि इतका राग एकदम कधी आला नव्हता.

तृतीया उजाडली. पहाटेच सुगंधाबाईंनी हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ घालून पुरण वाटून ठेवलं. नवी घागर भरली, पाट मांडला. भागीरथाबाईंच्या जागी बसायला रुखमाबाई येणार होत्या, हे रुखमाबाईंनीच परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या दोघी तीस वर्षं कुंपणावरून रोज भांडल्या होत्या. भागीरथाबाई गेल्यापासून रुखमाबाई कोणाशीच भांडल्या नव्हत्या, आणि त्यांचा चेहरा उतरून गेला होता.

गुणवंतराव मात्र उपाशी पोटी ओट्यावर बसून होते. परात घ्या म्हटलं की मान हलवत. ऊन डोक्यावर आलं. "जाऊ दे, औंदा राहू दे," असं ते म्हणाले तेव्हा सुगंधाबाई आतून पदर खोचून बाहेर आल्या. त्यांच्या कमरेवर कणकेचा डबा होता आणि हातात तेलाची वाटी.

"मुद्देमाल बाहीर न्याचा नाई, असाच नियम हाय ना तुमचा?"

"हो."

"कनीक आत न्याची नाई, असा हाय काय?"

गुणवंतरावांनी विचार केला. सगळे नियम त्यांनी मनात पुढून मागून चाळले. असा नियम नव्हता.

"मंग उठा. किल्ली घ्या."

कचेरीत त्या दिवशी फारसं कोणी नव्हतं. मालखान्याचं दार उघडलं. बंदुका, कुऱ्हाडी, घोड्याचं जीन, दारू गाळायची मडकी आणि लटारूचा नांगर यांच्या मधोमध सुगंधाबाईंनी काथवट धुऊन पुसून मांडली. कणीक भिजवली आणि मळायला बसल्या. मळणं, तेल लावणं, उचलून आपटणं. धप्प धप्प आवाज रिकाम्या कचेरीत घुमू लागला. वारलूनं गुणवंतरावांच्या घरून पुरण, तवा, घागर असं सगळं सामान आणलं आणि आवारात तीन दगड मांडून चूल पेटवली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं सुगंधाबाईंचा हात थांबला. त्यांनी कणकेवर तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"तापत नाई जी," त्या हळूच म्हणाल्या. "खरंच तापत नाई. माय बरोबर सांगत होत्या."

पहिली पोळी तव्यावर पडली, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंनी माणसं आली. एकीकडून आमंत्रणं मिळालेली मंडळी, प्रत्येकाच्या धोतराच्या सोग्याखाली लोटा नाहीतर मडकं. सडवा नालीत गेला हे सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी आशा वाईट. दुसरीकडून चौबे दारोगा. त्यांनी उघडा मालखाना पाहिला, मुद्देमालात कणीक पाहिली, लोट्यांची रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "सबूत के साथ छेड़छाड़! और ये बर्तन काहे के लिए हैं?"

"पुरनपोयीसाठी जी," वारलू म्हणाला, आणि त्या क्षणापासून ते खरंच झालं.

याच वेळी धुळीनं माखलेले तहसीलदारसाहेब दौऱ्यावरून उतरले. पोक्त, वजनदार माणूस, रात्रीपासून पोटात चहाशिवाय काही नाही. चौबे बोलत होते, गुणवंतराव बोलत होते, बाबूभाई पंच या नात्यानं बोलत होते. साहेब कोणाचंच ऐकत नव्हते. ते वासाच्या दिशेनं पाहत होते.

"मुद्दा असा आहे," शेवटी ते म्हणाले, "की हे भांडं दारूचं की कणकेचं. बरोबर? यावर पोळी खाल्ल्याशिवाय मला मत देता येणार नाही. वाढा."

"साहेब," गुणवंतराव म्हणाले. आवाज बारीक होता, पण ते म्हणाले. "पितर जेवून उठल्याबिगर कोणालाच देता येत नाही."

"कुठे आहे पितर?"

फाटकातून रुखमाबाई येत होत्या. ठेवणीतलं लुगडं, कपाळाला बुक्का, हातात काठी. मागून बाबूभाईंची बायको खुर्शीदा नाझरांच्या घरचा पाट डोक्यावर घेऊन आली. कचेरीच्या वऱ्हांड्यात, जिथं पक्षकार उभे राहत, तिथं पाट मांडला. रुखमाबाई बसल्या आणि भागीरथाबाई झाल्या. आता पाटावरून उठेपर्यंत त्या भागीरथाबाईच. उठल्या की पितर गेलं, मग त्या नावानं पुन्हा हाक मारायची नाही.

"या, भागीरथाबाई," साहेबांनी रीत राखली. "सलाम, चाची," बाबूभाई म्हणाले आणि उगाच दुसरीकडे पाहू लागले.

पानावर पोळी आली, तूप आलं, चिंचवणी आलं. रुखमाबाईंना दात बेताचेच. एकेक तुकडा त्या तुपात भिजवून, हिरड्यांवर फिरवून, सावकाश गिळत होत्या. तहसीलदारसाहेब पायरीवर बसून त्यांच्या हाताकडे पाहत होते. दारोगांच्या पोटातून आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. सगळी तहसील एका म्हातारीच्या घासावर थांबली होती. मध्येच तिनं मान वर केली.

"काऊन रे बाप्पा, माही काथवट तूच धरून नेली काय?"

चौबे ताठ उभे राहिले. त्यांची स्वतःची आई जबलपूरला होती, आणि तिचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. "जी, माताजी. ड्यूटी थी."

"बरं. बस मंग."

पान संपलं. गुणवंतरावांनी हातावर पाणी घातलं, नवी घागर पुढे ठेवली, आणि पायांवर डोकं टेकून विचारलं, "माय, पोट भरलं?"

"भरलं ना रे. लय भरलं." रुखमाबाईंनी उठण्यासाठी एक हात जमिनीला लावला. सुगंधाबाई आधार द्यायला पुढे झाल्या. पण रुखमाबाई तशाच थांबल्या, हात जमिनीला लावलेला. मग त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं.

"पन आता मी उठली का गेलीच ना रे बाप्पा. जराशी बसू काय?"

श्रावणापासून गुणवंतराव रडले नव्हते. घरात पाहुणे होते, कचेरीत काम होतं, मग काथवट होती. ते आता वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर, नाझराला शोभणार नाही असे, ढसढसा रडले.

"बस माय," ते म्हणाले. "तुले कोन उठवते?"

परातीत पोळ्यांची चळत निवत होती. तहसीलदारसाहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मागे सरकून खांबाला पाठ टेकली आणि दारोगांना हातानं खूण केली. चौबेंनी टोपी काढून हातात धरली, आणि तेही खाली बसले.